वस्तादांचा डावा पाय

त्या रविवारी सकाळी वस्तादांचा डावा पाय जागचा हलला. माझ्या हातून हलला. गच्चीवर आम्ही सहा शिष्य होतो, कठड्याशी वस्तादांच्या पत्नी मेईकाकू ओले कपडे दोरीवर टाकत होत्या. वस्तादांची आणि माझी मनगटं एकमेकांना चिकटलेली होती आणि हात नेहमीसारखे गोल फिरत होते. मी जराशी पुढे सरकले, तळवा त्यांच्या छातीला टेकला, आणि समोरचा माणूस वीतभर मागे गेला. त्यांचा कॅनव्हासचा बूट फरशीवर फरफटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

वस्तादांनी आधी स्वतःच्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग टाळी वाजवून हसले.

"गेला माझा पाय," ते म्हणाले. "तोंडं काय बघताय? कुणीतरी जाऊन पेढे आणा."

ही गोष्ट ब्याण्णव सालची, सांगलीतली. वस्तादांचं आडनाव 'हो'. दवाखान्याच्या पाटीवर 'हो, दाताचे डॉक्टर' एवढंच लिहिलेलं होतं. फोन उचलून ते आपलं नाव सांगायचे, तेव्हा पलीकडचा माणूस म्हणायचा, "हो, पण कोण बोलतंय?" या विनोदाला ते स्वतः दरवेळी नव्याने हसत. वडील चीनमधून कलकत्त्याला आलेले, हे जन्मले कलकत्त्यात, आणि छप्पन साली दाताची खुर्ची ट्रकात घालून सांगलीत उतरले ते इथलेच झाले. त्यांचं मराठी ऐकून डोळे मिटले असते तर माणूस कवठे महांकाळचा वाटला असता.

बासष्टच्या लढाईनंतर त्यांना दर सोमवारी पोलीस चौकीत हजेरी द्यावी लागायची. गाव सोडायची परवानगी नव्हती आणि दात काढून घ्यायलाही कुणी येत नव्हतं. त्या रिकाम्या दवाखान्यात त्यांनी वडिलांकडे शिकलेली 'ताई ची' ही संथ कसरत पहिल्यापासून पुन्हा घोटली. चिनी लोकांत म्हण आहे म्हणे, कसरतीला बैल बसेल एवढी जागा पुरते. खुर्ची भिंतीला सरकवली की तेवढी जागा व्हायची. पुढे दिवस पालटले, गिऱ्हाईक परतलं, आणि दवाखान्याच्या वरच्या गच्चीवर शिकायला माणसं यायला लागली. सांगली पडली पैलवानांची. गुरूला वस्ताद म्हणायची सवय, म्हणून तेही वस्ताद झाले.

मी मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होते. माझे वडील, आबा, जुने पैलवान. घरात जोर, बैठका, मेहनत हे शब्द लहानपणापासून कानावर, पण तालमीत मुलीला कोण घेतंय? आबांची दाढ ठणकायला लागली म्हणून त्यांना या दवाखान्यात आणलं, आणि वरच्या गच्चीवर माणसं डोळे मिटून उभी आहेत हे दिसलं. दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले आणि शिकवा म्हणाले. एकोणीस वर्षांची होते.

पहिले चार महिने त्यांनी मला नुसतं उभं केलं. गुडघे जरासे सैल, पाठ सरळ, हात समोर गोल, जणू मोठ्या रांजणाला मिठी मारलीय, आणि डोळे बंद. आधी पाच मिनिटं, मग दहा, मग अर्धा तास. मांड्या थरथरायच्या, खांद्यात सुया टोचायच्या. वस्ताद मधूनच येऊन एका बोटाने माझं कोपर अर्धा इंच खाली करायचे आणि निघून जायचे. आबांनी एकदा जिन्यातून डोकावून पाहिलं आणि घरी येऊन आईला सांगितलं, की पोरगी तिथं बुजगावणं व्हायचं शिकतीय.

मग चालणं शिकवलं. एका पायावरचं वजन दुसऱ्यावर असं ओतायचं, की एका पोत्यातलं धान्य दुसऱ्यात जावं; सांडायचं नाही, हिसका द्यायचा नाही. गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला पंधरा मिनिटं लागायची. मग बांबू आला. आठ हात लांबीचा बांबू बुडाशी धरून असा झटकायचा, की टोक मधमाशीसारखं थरथरलं पाहिजे. मी दंडातलं सगळं बळ लावलं तरी टोक ढिम्म. वर्षभराने, एका सकाळी टाचेतून काहीतरी निघालं, कमरेतून वळलं, आणि टोक गुणगुणलं. त्या दिवशी वस्ताद म्हणाले, आता हात द्यायला ये.

हात देणं म्हणजे दोघांनी मनगटाला मनगट लावून हात गोल फिरवत राहायचं. पाय हलला तो हरला. पाहणाऱ्याला वाटावं दोघं जण न दिसणारं जातं फिरवतायत. मी पैलवानाची मुलगी, मला ढकलायची घाई. वस्ताद मला तीन वर्षं एकच गोष्ट सांगत राहिले. "ढकलू नको. ऐक. मनगटानं ऐक. समोरचा कुठं भरलाय आणि कुठं रिकामा आहे ते कळलं, की ढकलायची गरजच उरत नाही."

महिन्यातल्या एका रविवारी वस्ताद स्वतः सगळ्यांना हात देत. चार वर्षांपूर्वी, पासष्टी झाल्यावर, त्यांनी सांगून टाकलं होतं, की जो माझा पाय हलवील त्याच्याकडे ही गच्ची देऊन मी मोकळा. त्यांची मुलं कॅनडात, त्यांना यात रस नव्हता. पाय हलवणार ते शौकतभाई, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. शौकतभाई मणेर तेरा वर्षं शिकत होते. त्यांचं बांगड्यांचं दुकान. उभा जन्म बायकांच्या हातात बांगड्या चढवण्यात गेलेला, त्यामुळे त्यांच्या बोटांना मनगटाची भाषा उपजतच कळायची. मला मात्र, खोटं कशाला बोलू, ती गच्ची हवी होती. आठ वर्षांत मी एक रविवार चुकवला नव्हता.

त्या दिवशी माझी पाळी शौकतभाईंच्या आधी होती. एवढंच.

पेढे आले. वस्तादांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की दसऱ्यापासून वैजयंता शिकवील, म्हणजे मी. शौकतभाई मला "मुबारक" म्हणाले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि पेढ्याला हात न लावता जिना उतरले. मला वाईट वाटलं, पण फार नाही. पेढे गोड लागत होते.

घरी पोचले तेव्हा आबा अंगणात बसून दाढी करत होते. मी सांगितलं. त्यांनी साबण तोंडावर तसाच ठेवून मला शेजारी बसवलं आणि म्हणाले, "आता नीट सांग. डाव कोणता टाकलास?"

मी सांगायला सुरुवात केली. त्यांचे हात हातात घेतले, मनगटं लावली, गोल फिरवले. मग मी असं केलं, मग वस्ताद असे आले, मग... तिथे येऊन थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडले. मी काहीच केलं नव्हतं. तळवा टेकला, तेवढंच. वस्तादांचा उजवा हात नेहमीसारखा माझ्या हाताबरोबर वळला होता आणि डावा मागे राहून गेला होता. जणू दोघं जण एकाच वेळी निघाले आणि एकाला वाटेत कुणीतरी थांबवलं.

"डाव न टाकता माणूस हलतो कसा?" आबा म्हणाले. त्यांना माझी चेष्टा करायची नव्हती. खरंच विचारत होते.

मी जेवले नाही. सायकल काढली आणि भर दुपारी परत दवाखान्यावर गेले.

रविवार असल्याने दवाखाना बंद होता. वस्ताद वर खोलीत आरामखुर्चीत झोपले होते. जो माणूस दुपारी कधी आडवा व्हायचा नाही, तो तोंड उघडं टाकून झोपलेला. मेईकाकू भाजी निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. मी बसून राहिले. अर्ध्या तासाने वस्ताद जागे झाले, आणि मी म्हणाले की मला पुन्हा एकदा हात द्या.

"जिंकलीस ना सकाळी? आता काय?"

"एकदाच द्या."

ते कुरकुरत उठले. खोलीतच उभे राहिलो. मी डोळे मिटले आणि ठरवलं की काही झालं तरी पुढे सरकायचं नाही. फक्त हात ठेवले. उजवा हात तोच, वर्षानुवर्षं ओळखीचा, कुठेही जाऊ पाहिलं की आधीच तिथे पोचलेला. डावा उशिरा येत होता. अगदी जरासा, डोळ्याला दिसला नसता इतका. पण दरवेळी. मी दहा फेऱ्या मोजल्या. दहाही वेळा.

मी हात काढून घेतले. "वस्ताद, तुमचा डावा हात मागे राहतोय."

"वय झालंय."

"वय दोन्ही बाजूंनी होतं. तुमची एकच बाजू उशीर करतीय. सकाळी मी तुम्हाला हलवलं नाही. तुम्ही आपणहून गेलात. चला, मिरजेला दाखवून येऊ."

आठ वर्षांत त्यांना माझ्यावर चिडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. म्हणाले, गच्ची मिळाली तेव्हा घाबरलीस, आता माझ्या अंगात रोग शोधतेस. जबाबदारी नको असेल तर सरळ सांग. आणि वर, मी तीस वर्षं कुठल्या डॉक्टरच्या दारात गेलेलो नाही. बोलता बोलता त्यांनी कपाळ चोळलं. मेईकाकूंच्या हातातली भाजी थांबली होती.

त्यांना मी एकटी हलवू शकणार नव्हते, हे मला कळलं. पण हेही कळलं होतं की माझं चुकत नाहीय. कशावरही एवढा भरवसा मला त्याआधी कधी वाटला नव्हता. मी जिना उतरले आणि थेट शौकतभाईंच्या दुकानावर गेले.

दुकान अर्धं उघडं होतं. ते आत बसून बांगड्यांचे डझन बांधत होते. त्यांनी बसही म्हटलं नाही.

"आता माझ्याकडे कशाला?" ते म्हणाले. "पेढा राहिला होता, तो द्यायला?"

मी सगळं सांगितलं. आबांनी काय विचारलं तेही. ते ऐकत होते, पण हात थांबले नव्हते. शेवटी म्हणाले, की तू सकाळी जिंकलीस ते सगळ्यांनी पाहिलंय, आता मोठेपणा करून ते परत देऊ नको, मला भीक नको आहे.

"मी द्यायला आले नाही," मी म्हटलं. "मागायला आलेय. तुमचे हात माझ्यापेक्षा पाच वर्षांनी जुने आहेत. एकदा लावून बघा. मी चुकत असेन तर माझा कान धरून त्यांच्या पायावर डोकं ठेवायला लावा."

त्यांनी दोरा तोडला. मग उठून शटर ओढलं.

वस्तादांनी शौकतभाईंना पाहिलं आणि त्यांना वाटलं की हे तंटा मिटवायला आलेत. हात द्यायला लगेच तयार झाले. मी भिंतीला टेकून उभी होते. शौकतभाईंचे डोळे मिटलेले होते. दोन-तीन फेऱ्या झाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा सकाळपासूनचा राग कुठेतरी निघून गेला. त्यांनी वस्तादांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, बांगड्या भरायच्या आधी बायकांचा घ्यायचे तसा, आणि अंगठ्याने बोटाबोटांतून दाबत गेले.

"उस्ताद," ते म्हणाले, "हा तुमचा हात नाही."

वस्ताद काही बोलायच्या आत मेईकाकू बोलल्या. त्या आमच्याशी फार बोलत नसत. जे बोलत ते हिंदी, मराठी आणि आपलं असं मिळून. त्यांनी सांगितलं, की दीड महिन्यापूर्वी हे न्हाणीघरात घसरले आणि डोकं चौकटीवर आपटलं. रक्त आलं नाही म्हणून कुणाला सांगायचं नाही, अशी ताकीद दिली. तेव्हापासून डोकं दुखतंय. डाव्या पायातली चप्पल जिन्यात दोनदा राहून गेली. हे सगळं सांगताना त्या नवऱ्याकडे पाहत नव्हत्या, माझ्याकडे पाहत होत्या.

वस्ताद खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माझे बूट कुठायत?"

शौकतभाईंच्या मेव्हण्याची अँबॅसिडर होती. मिरजेला पोचायला अर्धा तास लागला. रविवारची संध्याकाळ, मोठे डॉक्टर घरी. कामावर एक तरुण डॉक्टर होता. मनाने चांगला, पण दोन दिवसांचा जागलेला दिसत होता. त्याने रक्तदाब पाहिला, छाती तपासली, गुडघ्यावर हातोडी मारली, बोटं दाबायला सांगितली. वस्तादांनी त्याची बोटं अशी दाबली की त्याने हात झटकला. सत्तरीच्या मानाने तब्येत खणखणीत आहे म्हणाला. गोळ्या लिहून देतो, मंगळवारी बाह्यरुग्ण विभागात या.

वस्तादांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. झालं समाधान?

माझ्यासमोर तेव्हा दोन वाटा होत्या. डॉक्टर माणूस, शिकलेला. मी खेळाची शिक्षिका. पण इतकी वर्षं मी एक माणूस हातांनी ऐकत आले होते आणि त्या मुलाने त्याला पाच मिनिटं पाहिलं होतं.

"डॉक्टर," मी म्हणाले, "यांना अर्धा तास हात समोर धरून डोळे मिटून उभं राहता येतं. रोज राहतात. तुम्ही फक्त एक मिनिट उभं करा. मग आम्ही जातो."

त्याला वाद घालायचा कंटाळा आला असावा. उभं राहा आजोबा, म्हणाला. वस्ताद उभे राहिले. पाठ सरळ, गुडघे सैल, हात समोर, डोळे बंद. गच्चीवर हजारदा पाहिलेलं ते उभं राहणं. डॉक्टरच्या चेहऱ्यावर क्षणभर कौतुकही आलं.

मग डावा हात उतरायला लागला. हळूहळू, तळवा आत वळत, भिजलेलं फडकं खुंटीवरून घसरावं तसा. तो पोटाजवळ आला तरी वस्तादांचा चेहरा शांत होता. त्यांच्या लेखी दोन्ही हात अजून समोरच होते.

"डोळे उघडा," डॉक्टर म्हणाला, आणि त्याचा आवाज बदललेला होता.

वस्तादांनी डोळे उघडले. आपल्या हाताकडे पाहिलं. तो वर घेतला नाही, नुसते पाहत राहिले. मी त्यांना इतकं घाबरलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही कधी पाहिलं नाही.

मेंदूचा फोटो काढायचं मशीन आमच्या भागात तेव्हा नुकतंच आलं होतं. फोटोत उजव्या बाजूला कवटीच्या आत रक्त साकळलेलं दिसलं; दीड महिना थेंब थेंब साठलेलं. मोठे डॉक्टर घरून आले. त्यांनी आम्हाला सांगितलं, की मंगळवारपर्यंत थांबला असतात तर हे चालत आले असते की नाही, सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कवटीला दोन भोकं पाडून ते रक्त काढलं. शौकतभाई आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आदल्या दिवशीचे पेढे होते. मेईकाकूंनी त्यांच्यासाठी बांधून ठेवले होते. एक मला दिला, एक स्वतः खाल्ला.

दसऱ्याला वस्ताद गच्चीवर आले. डोकं भादरलेलं, वर पांढरी टोपी. डॉक्टरांनी उभं राहायला अजून महिनाभर मनाई केली होती, म्हणून खालून खुर्ची आणली. आबाही आपट्याची पानं घेऊन आले होते आणि जिन्याच्या तोंडाशी बसले होते. सोनं देऊन झालं, पाया पडून झालं. मग वस्ताद म्हणाले, "त्या रविवारी सकाळचं मोजायचं नाही."

मला ते अपेक्षित होतं. मी आठ दिवस आधीच मनाशी सोडून दिलं होतं. "नाहीच मोजायचं," मी म्हणाले. "शौकतभाईंनी शिकवावं. मी त्यांच्या हाताखाली राहीन."

"मधे बोलू नको. माझं झालं नाहीय." त्यांनी टोपी सारखी केली. "सकाळचं मोजायचं नाही म्हणालो. दुपारचं मी मोजलंय. सकाळी तू मला हलवलंस ते कुणीही हलवलं असतं. मेईनं ओला टॉवेल मारला असता तरी मी गेलो असतो. दुपारी तू हात लावलास आणि ढकललं नाहीस. पंचवीस वर्षं मी जे शिकवायला बघतोय, ते तेवढंच आहे."

मी शौकतभाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे नको बघू," ते म्हणाले. "मी त्या दिवशी दुकानात रुसून बसलो होतो. ती आली नसती तर मी गेलो नसतो, उस्ताद. तुम्ही बरोबर मोजलंय." आणि ते उठून रांगेत पहिल्या जागी जाऊन उभे राहिले.

आज माझी साठी जवळ आलीय. वस्ताद त्यानंतर अकरा वर्षं जगले, त्यातली दहा वर्षं पुन्हा हात देत होते, आणि त्यांचा पाय मला परत एकदाही हलवता आला नाही. पण ते पुढचं. त्या दसऱ्याला मी पुढे गेले, रांगेकडे तोंड करून उभी राहिले.

"हात समोर," मी म्हणाले. "डोळे मिटा."

सगळ्यांनी मिटले. खुर्चीतल्या वस्तादांनीही हात समोर धरले, दोन्ही सारखे, आणि डोळे मिटले.